ग्रहाआड एक तास चाळीस मिनिटं

सत्याहत्तरच्या पावसाळ्यात मी सरकारी खुर्चीवर बसून रोज दुपारी अंतराळात लढाया करत होतो. पगार मात्र मला तारा घ्यायचा अन् द्यायचा मिळत होता. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत काढली नाही, कारण आधी नोकरी जायची भीती होती अन् नंतर पेन्शन जायची. आता या वयात कोणी चौकशीला आलाच, तर त्याला म्हणेन, बस बाप्पा, चहा घे, अन् पुरतं ऐकून जा.

आम्ही आसेगावकडचे. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी सात वर्षांचा होतो अन् बहीण तीनची. बाप त्यानंतर दोन वर्षांत गेला. माय लोकांच्या वावरात निंदायला जायची. त्या निंदणाच्या मजुरीवर मी मॅट्रिक झालो, तारेचं काम शिकलो अन् एका तालुक्याच्या गावी तारबाबू म्हणून लागलो. जिल्हा तेव्हा अकोला होता, वाशिम जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं होती. घराण्यातला मी पहिला पगारी माणूस. माय ज्याला त्याला सांगायची, "माहा पोरगा बिजलीवर बोलते."

बहीण माझ्यापेक्षा हुशार. हे मी आता म्हणतो, तेव्हा मेलो तरी म्हटलं नसतं. तिनं शहराच्या मोठ्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. यादी लागली, तर हिचं नाव वेटिंगवर पहिलं. भरती झालेली एखादी पोरगी गळाली की तार येणार, अन् तारेतल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं. नाही झालं तर जागा पुढच्या पोरीला. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, अन् मग जन्मभर मायसंग निंदण. तिनं पत्र्याची हिरवी पेटी भरून खाटेखाली ठेवली होती. रोज अकराच्या ठोक्याला ती तारघराच्या खिडकीशी यायची.

"आली काय रे दादा?"

"आली असती त मी बोंबलत घरी आलो असतो ना!"

"तू कायचा येतं! पाय बरं नीट, तुह्या त्या कडकट्टात हरपली-बिरपली असन."

"माह्या टेबलावरून तार हरपत नसते," मी म्हणायचो, अन् ऐटीत पेन कानावर खोचायचो.

या ऐटीचं पुढं काय झालं ते सांगतोच, पण आधी अंतराळ.

तारघराच्या टेबलावर एक पितळी खटका असायचा. तो बोटानं दाबला की लाइनीवरच्या सगळ्या गावांतली यंत्रं कडकट्ट वाजायची. आमच्या लाइनीवर माझ्यासकट तीन लहान तारघरं होती, अन् टोकाला शहराचं मोठं तारघर. एकानं काही वाजवलं की चौघांना ऐकू जायचं, कुडाच्या भिंतीआडचं भांडण ऐकू जावं तसं. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, पण हात ओळखत होतो. हात म्हणजे खटका वाजवायची लकब. मधल्या खेड्यातला तारबाबू वाजवायचा तेव्हा वाटायचं, कोंबडीमागं कुत्रं लागलं आहे. त्याच्या पुढचं गाव रस्ते मिळतात ते, जरा मोठं. तिथला बाबू रिटायरीला आलेला, त्याच्याकडे दोन लाइनींची दोन यंत्रं होती, अन् हात असा सफाईदार की तक्रारीची तारसुद्धा त्याच्या हातून गोड वाटायची.

वाचनालयाच्या रद्दीत मला एक विज्ञानाचं फाटकं मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं की अंतराळात यान एकदा ढकललं की ते चालतच राहतं. थांबवायचं असेल तर उलट्या बाजूनं तेवढाच जोर लावावा लागतो. मला ही गोष्ट इतकी पटली की दोन दिवस जेवणात लक्ष लागलं नाही. आणीबाणी नुकतीच उठली होती. तिच्यात तारेवर शिंकायचीही चोरी होती, त्यामुळे ती उठल्यावर सगळ्यांच्याच हातांना खाज सुटली होती. मी खेळाचे नियम केले अन् दोघांना तारेवरून वाजवून दाखवले. इंग्रजी अक्षरं अन् भाषा वऱ्हाडी. सरकारनं आम्हाला इंग्रजी अक्षरं शिकवली ती यासाठी नव्हती, हे मान्य आहे.

चौकडीच्या वहीचं एक पान म्हणजे आकाश. तिघांकडे सारखंच पान, टेबलावरच्या टिपकागदाखाली दडवलेलं. मी यान एक, मधला यान दोन, म्हातारा यान तीन. आपली पाळी आली की मिनिटभरात वाजवायचं, यान कुणीकडं ढकललं, किती ढकललं, गोळा कोणत्या चौकडीवर सोडला. मिनिट उलटलं की पाळी गेली. गोळा पोचायला तीन पाळ्या लागत, म्हणून वैरी आज जिथं आहे तिथं मारून उपयोग नाही, तो तीन पाळ्यांनी जिथं असेल तिथं मारायचा. इंधन फक्त अनसिंग ग्रहावर मिळायचं, कारण तिथं बस चहाला थांबायची. मानोऱ्याच्या आजूबाजूला तांडे पुष्कळ, म्हणून मानोरा ग्रहाला उपग्रह पुष्कळ, अन् त्यांच्यातून यान काढणं म्हणजे बाजाराच्या दिवशी सायकल काढणं. आसेगाव ग्रह मी माझ्यासाठी ठेवला होता, लपायला.

लपायचा नियम माझ्याच डोक्यातून निघाला. ग्रहाआड गेलेल्या यानाला गोळा लागत नाही, पण त्याला काही ऐकूही येत नाही. हे खरं वाटावं म्हणून मी ठरवलं की ग्रहाआड जाणाऱ्यानं आपल्या यंत्राची पितळी खुंटी काढून ठेवायची. खुंटी काढली की आपलं यंत्र लाइनीबाहेर, मुकं अन् बहिरं. सरकारी कायद्यात हा मोठा गुन्हा होता. मला मात्र तो नियम करताना आपण लई हुशार आहोत असं वाटलं होतं. भैताड!

शहराचं मोठं तारघर म्हणजे सूर्य. सूर्य बोलायला लागला की सगळ्यांनी चूप बसायचं. बाराला सूर्य जेवायला गेला की खेळ सुरू.

यान दोनला यान थांबत नाही ही गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही.

"इंजिन बंद केलं," तो वाजवायचा. "आता मी उभा हाये."

"उभा नाहीस, चाललास."

"बैल सोडल्यावर बंडी चालते काय?"

असं म्हणत म्हणत तो दर आठवड्याला वहीच्या पानाबाहेर निघून जायचा, अन् आम्ही कंटाळून त्याला नवं यान द्यायचो. एकदा तर तो पुठ्ठ्यावर पोचला होता, तिथून त्यानं विचारलं की इथं इंधन मिळते काय.

खरा वैरी यान तीन. म्हातारा लढायचा झकास, पण हरायला लागला की लबाडी करायचा. तारेवर एक गोष्ट पवित्र होती, ती म्हणजे अर्जंटची खूण. ती वाजली की तुम्ही काहीही करत असा, हात काढायचा, कागद पुढं ओढायचा अन् तार घ्यायची. कोणाचं मरण असतं त्यात, कोणाचं बाळंतपण. माझा गोळा नेमका लागणार असं दिसलं की हा बहाद्दर तीच खूण वाजवायचा! मी धडपडत फॉर्म काढायचो, शाईत बोट बुडवायचो, अन् मिनिट उलटलं की हा शांतपणे वाजवायचा, "माफी. तार रद्द. तुझी पाळी गेली, आता माझी." एकदा केलं, दोनदा केलं. दुसऱ्यांदा माझं डोकं असं सणकलं की मी तारेवर वाजवून टाकलं, "बुढ्या, यापुढं खरी अर्जंट आली तरी मी घेणार नाही." माणसाच्या जिभेला हाड नसतं, बोटांना तरी असतं. माझ्या बोटांनाही नव्हतं.

त्या दिवशी अकराला बहीण आली, विचारलं, गेली. बाराला सूर्य जेवायला गेला. यान तीन अनसिंगवर इंधन भरून निघालं होतं, जड अन् वेगात, अन् वळायला जागा नव्हती. मी तीन पाळ्या आधीच गोळा सोडून बसलो होतो. बारा वाजून पाच मिनिटांनी म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्याचा हात मध्येच थबकला. मग वाजली अर्जंटची खूण.

मी खदखदून हसलो. आमचा तारवाला दारात सायकलचं पंक्चर काढत बसला होता. तारा घरोघर वाटणारा, पन्नाशी उलटलेला, तोंडानं मिरची. त्याला आमचा खेळ मुळीच आवडत नव्हता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"बुढा मरून राह्यला, अन् अर्जंटच्या नावानं बोंबलून राह्यला."

"घेऊन त पाहा."

"दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घ्याले मी काय येडा हाये?"

मी एवढंच वाजवलं, "यान एक आसेगावाआड," अन् खुंटी काढली. यंत्र गपकन मुकं झालं. मनात म्हटलं, बस आता बोंबलत! डबा उघडला, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् ठेचा. जेवून टपालाच्या रिकाम्या थैल्यांवर आडवा झालो. पोस्टमास्तर जेवायला घरी गेले होते. त्यांच्या टेबलावरचा फोन दोनदा वाजला. त्या फोनला ते कुलूप लावून जात, आमच्यावर विश्वास नव्हता म्हणून. मी म्हटलं, ज्याचं कुलूप त्याचा फोन, अन् कूस बदलली.

पावणेदोनला उठलो, तोंड धुतलं, खुंटी बसवली. बसवल्याबरोबर यंत्र तडतडायला लागलं. अर्जंटची खूण, माझ्या तारघराची हाक, पुन्हा खूण, पुन्हा हाक. म्हाताऱ्याचा हात ओळखू येत नव्हता, इतका थकला होता. मध्ये मध्ये यान दोनची कोंबडी फडफडत होती, "निघ बाहेर, अरे निघ बाहेर, पाया पडतो तुह्या."

मी हजर असल्याचं वाजवलं. म्हाताऱ्यानं शिवी दिली नाही, एक शब्द जास्तीचा वाजवला नाही. नुसती तार दिली. नाव माझ्या बहिणीचं. आज पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास. आमच्या लाइनीवर सकाळी गर्दी होती म्हणून शहरानं ती दुसऱ्या लाइनीनं म्हाताऱ्याकडे दिली होती, पुढं मला द्यायला. शहरात दिलेली वेळ अकरा दहा. त्याच्याकडे आली बारा चार. मी घेतली एक सत्तेचाळीस. या वेळा फॉर्मवर लिहाव्याच लागत. मी त्या लिहिल्या, अन् एकचा आकडा मला दोनदा गिरवावा लागला. शहराची बस पाऊण वाजता गेली होती. पुढची चारला होती.

"कोनाची हाये?" तारवाल्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी माझी मान खाली जाते. मग त्यानं सायकल उचलली अन् अर्धवट हवेवरच आमच्या घराकडं पिटाळली.

मी खटक्यावर बोट ठेवलं. वाजवलं, "बहिणीची तार आहे. बस गेली."

म्हाताऱ्यानं विचारलं, "यान कुठं उभं आहे? इंधन काय?"

मला असा संताप आला! माझी बहीण बुडून राह्यली अन् याला खेळ सुचून राह्यला. शिवी बोटांवर आली होती. मग ध्यानात आलं, तो खेळत नव्हता. एखादी गोष्ट इथून तिथं वेळेत न्यायची तर बोलायचं कसं, ही एकच भाषा आम्हा तिघांना येत होती.

"यान माझ्या दारात," मी वाजवलं. "इंधन नाही."

"माझ्याकडून शहराची बस दोन पन्नासला. माझ्यापर्यंत आण. पुढचं माझ्यावर सोड."

त्याचं गाव पंचवीस मैल. तारवाला आला तेव्हा मागच्या कॅरिअरवर बहीण, तिच्या मांडीवर हिरवी पेटी, अन् मागून माय पळत. समोर चहाच्या हॉटेलाशी मलेरियाच्या फवारणीची जीप उभी होती. तारवाला सरळ ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहिला.

"सरकारी गाडीत सवारी घेता येत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"सवारी कोन म्हने? ही सरकारी तार हाये. तारेसंग पोरगी जाऊन राह्यली."

"अन् साहेबानं विचारलं तर? फवारणी बाकी हाये."

"साहेबाले सांग, डास उद्याही भेटतीन. हिची जागा उद्या नाही भेटत."

ड्रायव्हरनं अर्धा चहा टाकून दिला. बहीण मागं औषधाच्या पिंपांच्या मधात बसली. तिनं माझ्या हातातून तार घेतली, वाचली अन् विचारलं, "कवा आली?"

"आत्ताच. लाइन खराब होती."

खोटं असं सहज निघालं, जणू जिभेखालीच ठेवलेलं होतं. तिला ती तार तिकडं दाखवायची होती, म्हणून फॉर्म परत घेतला अन् उशिराच्या कारणापुढं तेच लिहून दिलं, लाइन फॉल्टी. जीप दोन वाजून पाच मिनिटांनी निघाली.

माय तारघरातच बसून राहिली, भिंतीला टेकून, यंत्राकडं डोळे लावून. यान दोन आपलं तारघर सोडून रस्त्यात जाऊन उभा राहायचा अन् पळत येऊन वाजवायचा. "जीप दिसत नाही." पुन्हा गेला. "जीप दिसत नाही." मग दोन बत्तीसला, "जीप गेली! माझा पायजमा चिखलानं भरला. पोरगी बसलेली आहे, पेटी मांडीवर."

चार महिन्यांत यान दोननं सांगितलेला हा पहिला ठावठिकाणा, जो बरोबर होता.

"शाबास," म्हाताऱ्यानं वाजवलं. "वेग?"

"लई."

त्यानंतर म्हातारा गप्प. दोन पन्नास झाले. तीन झाले. मायनं विचारलं, "काय म्हनते थे?"

"काही नाही म्हणत."

"मंग तू वाजव ना! बोटं झडले काय?"

वाजवून काय करू, म्हातारा टेबलावर नव्हता. तो कुठं होता ते यान दोननं दोन दिवसांनी सांगितलं. कंडक्टरनं घंटी मारली होती, बस हलली होती, अन् हा धोतरातला ढेरपोट्या माणूस बसच्या थोबाडासमोर उभा. एका हातात छत्री, दुसरा हात बसच्या नाकावर. म्हणत होता, "न्या माझ्या अंगावरून! सरकारी तार आहे, पोचल्याशिवाय चाक फिरणार नाही." ड्रायव्हर शिव्या देत होता, उतारू शिव्या देत होते, अन् म्हातारा पावसात उभा होता.

तीन वाजून बारा मिनिटांनी त्याचा हात आला. "प्रवासी चढला. बस निघाली. यान तीन शरण. खेळातून बाद."

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या लबाडीची लाज वाटली. मलाही माझी वाटतच होती. पण अजून एक टप्पा राहिला होता. बस साडेचारच्या पुढं शहराच्या स्टँडवर पोचणार, दवाखाना तिथून दोन मैल, अन् माझ्या बहिणीनं शहर कधी पाहिलेलं नव्हतं. आता सूर्यालाच सांगावं लागणार होतं. सूर्याला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं: खेळ, खुंटी, एक तास चाळीस मिनिटं. नोकरी गेली तर माय पुन्हा वावरात. मी मायकडं पाहिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी शहराची हाक वाजवली अन् सुरुवात केली, "विनंती की..."

सूर्यानं मला मध्येच तोडलं. "पेटी कोणत्या रंगाची?"

मला कळेना. मी वाजवलं, "हिरवी."

"माणूस सायकलनं स्टँडवर निघतो आहे. दवाखान्याच्या दारात सोडेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"जेवणाचा डबा मी टेबलावरच खातो," सूर्यानं वाजवलं. "चार महिने ऐकतो आहे. यान दोनला कोणीतरी सांगा, अंतराळात बैल सोडले तरी बंडी चालते."

मी खुर्चीत मागं टेकलो. हसावं की रडावं कळत नव्हतं. पुढचा दीड तास कोणी काही वाजवलं नाही. गावात लोक चहा पीत होते, पोस्टमास्तर तिकिटं मोजत होते, तारवाला माझ्याशी बोलत नव्हता. चार बावन्नला यंत्र वाजलं. मी ते लिहून घेतलं नाही, लिहायची गरजही नव्हती.

"यान उतरलं. कागद घेतले."

"माय, पोचली," मी म्हटलं, अन् सरकारी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.

"पोचली ना? मंग रडतं कायले?" माय म्हणाली, अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. कोणी बंदी घातली नाही, पण वहीचं ते पान पुन्हा कोणी बाहेर काढलं नाही. म्हातारा पुढच्या दिवाळीला रिटायर झाला. तोवर रोज सकाळी लाइन उघडली की त्याचं पहिलं वाक्य एकच असायचं, "बहीण कशी आहे?" मी वाजवायचो, "बरी आहे." त्याला दोन शब्द पुरायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. कधीकधी कंटाळाही यायचा, खोटं कशाला बोलू. त्याचं तोंड मी कधीच पाहिलं नाही.

बहीण नर्स झाली, मग सिस्टर, मग मॅट्रन. तिच्या नावानं अर्धा जिल्हा थरथरायचा, डॉक्टरसुद्धा. आता आम्ही दोघंही म्हातारे, एकाच घरात राहतो अन् रेडिओच्या आवाजावरून भांडतो. मागच्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून तिनं हिरवी पेटी रिकामी केली. तळाशी ती तार होती. फॉर्म पिवळा पडला होता, पण शाई जिवंत होती. तिनं चष्मा लावला अन् वेळा मोठ्यानं वाचल्या. अकरा दहा. बारा चार. एक सत्तेचाळीस.

"लाइन खराब व्हती म्हने," ती म्हणाली.

"हाव. पावसाळा होता ना."

"आसेगावाच्या आड पाऊस लई पडते काय रे दादा?"

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. इतक्या वर्षांत मी 'आसेगावाआड' हा शब्द घरात कधी उच्चारला नव्हता.

"तुले कोनं सांगितलं?"

"त्या बुढ्यानं. बसपाशी. माही पेटी त्यानं सोता वर चढवली. पावसात ओलाचिंब झाला व्हता, अन् हात जोडून रडून राह्यला व्हता. म्हने, पोरी, तुह्या भावाची चूक नाही, म्या दोनदा खोटी अर्जंट देली म्हनून त्यानं तिसरी घेतली नाही. समदं सांगितलं त्यानं. तुहं यान, तुही खुंटी, समदं."

"मंग तू इतके वर्षं बोलली काहून नाही?"

"पोचली ना मी." ती तारेची घडी करत होती, जुन्याच घडीवर. "नसती पोचली त तरी नसतीच बोलली. जलमभर एक सबद नसती बोलली तुह्यासंग. त्या बुढ्याले म्या सांगून ठेवलं व्हतं. म्हटलं, पोचली त थो माहा भाऊ. नाही पोचली त मले भाऊच नाही, हे त्याले तुमी कळवजा."

म्हातारा रोज सकाळी काय विचारत होता ते मला आत्ता कळलं. वर्षभर तो माणूस माझी बहीण माझीच आहे ना, एवढं तपासून घेत होता, अन् मी कंटाळून दोन शब्द फेकत होतो. तिनं सांगितलेलं त्यानं मला कधीच कळवलं नाही. मला इतकी लाज वाटली की या वयात उठून कुठं जावं तेही सुचेना.

बहिणीनं घडी पुन्हा उघडली, फॉर्म माझ्यापुढं ठेवला अन् पेन दिलं. उशिराच्या कारणावर बोट ठेवलं.

"खोड थे."

मी 'लाइन फॉल्टी' खोडलं. खाली लिहिलं, खेळत होतो. 'खे' मला दोनदा गिरवावा लागला, पण आता वयाचं निमित्त होतं.

तिनं वाचलं. "आता बराबर," म्हणाली, अन् तार पेटीत परत ठेवली.